मेंदूची डागडुजी

मुंबईच्या उपनगरांत डोक्याला जबर मार लागण्याची कारणे ठरलेली आहेत: गर्दीच्या वेळी लोकलच्या दारातून तोल जाणे, घाईने रूळ ओलांडणे, पूर्व व पश्चिम द्रुतगती मार्गांवर किंवा जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्यावर दुचाकी घसरणे, बांधकामाच्या परांचीवरून कोसळणे, आणि वयस्कर माणसांच्या बाबतीत बहुधा घरातल्याच ओल्या फरशीवर पाय सरकणे. उपनगरी रेल्वेमार्गांवर वर्षाकाठी दोन हजारांहून अधिक माणसे दगावत आली आहेत हे अनेकांना ठाऊक असते, परंतु अशा अपघातांतून जी वाचतात त्यांच्याविषयी फारसे कोणी विचारत नाही. हातपाय मोडलेला माणूस काही महिन्यांत कामावर रुजू होतो. मेंदूला इजा झालेला माणूस रुजू होईल की नाही, आणि झालाच तर पूर्वीइतक्या सहजतेने हिशेब करील, बोलील, राग आवरील की नाही, हे सुरुवातीच्या आठवड्यांत कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही.

अशा कुटुंबांच्या कानावर ‘मेंदूची दुरुस्ती’ हे शब्द वारंवार पडतात आणि त्यांतून मोठ्या आशा निर्माण होतात, म्हणून त्या शब्दांनी नेमके काय सुचवले जाते याची फोड करणे आवश्यक आहे. जखमी झालेल्या पण अजून न मेलेल्या पेशी वाचवणे ही एक गोष्ट, वाचलेल्या पेशींकडून गमावलेली कामे नव्या जोडण्यांद्वारे करवून घेणे ही दुसरी, आणि मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी उभ्या करणे ही तिसरी. सर्वाधिक चर्चा तिसरीची होते, सर्वाधिक पुरावा मात्र पहिल्या दोहोंचा आहे. आणि मुंबईपुरते पाहिले तर या तिन्हींना स्पर्श करणारे संशोधन व उपचार कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपासून पवईच्या आयआयटीपर्यंत आणि महापालिकेच्या रुग्णालयांपासून ऑक्युपेशनल थेरपीच्या खोल्यांपर्यंत विखुरलेले आहेत.

प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असतो, त्यात सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात, आणि शरीराच्या वजनाच्या अवघा दोन टक्के असलेला हा अवयव शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के एकटाच वापरतो. डोके आपटते तेव्हा कवटीच्या आतला हा मऊ अवयव पुढेमागे हेलकावतो, कवटीच्या खडबडीत तळावर घासतो, त्याच्या पृष्ठभागावरच्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि पेशींना एकमेकींशी जोडणारे लांब तंतू, ज्यांना अक्षतंतू म्हणतात, ताणले जाऊन तुटण्याच्या बेतात येतात. अपघाताच्या क्षणी झालेल्या या नुकसानीला प्राथमिक इजा म्हणतात आणि तिच्यावर कोणताही उपाय नसतो. हेल्मेट, रस्त्यावरचा दुभाजक आणि रुळांलगतची भिंत यांचे सारे महत्त्व याच एका कारणाने आहे.

त्यानंतरच्या काही तासांत आणि दिवसांत जी नुकसानी होते तिला दुय्यम इजा म्हणतात, आणि वैद्यकाला वाव मिळतो तो येथे. फाटलेल्या पेशींमधून ग्लुटामेट नावाचे रसायन भसाभस बाहेर पडते. एरवी हेच रसायन एका पेशीकडून दुसरीकडे संदेश पोहोचवते, परंतु प्रमाणाबाहेर साठले की शेजारच्या निरोगी पेशींना ते इतके उत्तेजित करते की त्यांच्यात कॅल्शियम घुसते, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रिया बंद पडू लागतात आणि पेशी स्वतःच्याच उत्तेजनेने मरते. त्यातच मेंदूला सूज येते, आणि कवटी हे हाडाचे बंद कोठार असल्यामुळे सुजेला पसरायला जागा उरत नाही. आतला दाब वाढतो, दाब वाढला की रक्त आत शिरेनासे होते, आणि रक्त कमी पडल्याने सूज आणखी वाढते. हे दुष्टचक्र तोडण्यासाठी आधी ते ओळखावे लागते, आणि त्याकरिता जगभर वापरली जाणारी साधी मोजपट्टी १९७४ मध्ये ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या स्कॉटलंडमधील शल्यविशारदांनी तयार केली. रुग्ण डोळे कशाने उघडतो, कसे बोलतो आणि सांगितल्यावर किंवा वेदना दिल्यावर हातपाय कसे हलवतो, या तीन गोष्टींना गुण देऊन ३ ते १५ यांमधला आकडा काढतात. अपघात विभागातला निवासी डॉक्टर फोनवर वरिष्ठांना ‘जीसीएस’ सांगतो तो हाच आकडा, आणि तो तासागणिक घसरत असेल तर सीटी स्कॅन व शस्त्रक्रिया यांत दिरंगाई परवडत नाही.

कवटीखाली रक्ताची गाठ झाली असेल तर ती काढली जाते, आणि सूज कोणत्याही उपायाने आटोक्यात येत नसेल तर कवटीचा तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा तुकडा कापून मेंदूला बाहेरच्या बाजूने जागा करून दिली जाते. भारतातील अनेक रुग्णालयांत हा हाडाचा तुकडा त्याच रुग्णाच्या पोटाच्या कातडीखाली, चरबीच्या थरात, ठेवून देतात. तेथे तो जंतुसंसर्गापासून सुरक्षित राहतो आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, सूज पूर्ण उतरल्यावर, पुन्हा डोक्यावर बसवला जातो. डोक्याच्या एका बाजूला खळगा आणि पोटावर एक लांब टाका असलेला रुग्ण घरी येतो तेव्हा शेजारीपाजारी चकित होतात, परंतु या व्यवस्थेला वेगळी शीतपेढी लागत नाही, हा तिचा मोठा फायदा आहे. मुंबईत मेंदूशल्यचिकित्सेचा पाया १९५० च्या दशकात घालणाऱ्यांत बेळगाव जिल्ह्यातून आलेले डॉ. राम गिंडे हे अग्रणी होते. कॅनडात माँट्रियल येथे वाइल्डर पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिकून आलेल्या या शल्यविशारदाच्या काळात सीटी स्कॅन अस्तित्वातच नव्हता, आणि गाठ कोठे असावी याचा अंदाज डोळ्यांच्या बाहुल्यांच्या आकारावरून व हातापायांच्या अशक्तपणावरून बांधावा लागे.

कवटी उघडण्याच्या या शस्त्रक्रियेचा हिशेब मात्र सरळ नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, इतर सर्व उपाय थकल्यावर कवटी उघडलेल्या रुग्णांमध्ये सहा महिन्यांनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४९ टक्क्यांवरून २७ टक्क्यांपर्यंत खाली आले, परंतु जे वाचले त्यांच्यात जाणीव न परतलेल्या किंवा पूर्णपणे इतरांवर अवलंबून राहिलेल्या रुग्णांचे प्रमाणही वाढले. ‘वाचला’ या शब्दाचा अर्थ नातेवाइकांनी आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रियेपूर्वी एकत्र बसून बोलण्याची गरज किती मोठी आहे, हे या आकड्यांवरून कळते.

दुय्यम इजा रसायनांनी होते, मग रसायनांनीच ती थांबवता येईल, हा विचार स्वाभाविक आहे, आणि गेल्या चार दशकांतले या क्षेत्रातले बरेचसे संशोधन त्याच दिशेने झाले. त्याचा इतिहास अपेक्षाभंगांनी भरलेला आहे. सूज उतरवण्यासाठी डोक्याच्या इजेत स्टेरॉइड देण्याची पद्धत वर्षानुवर्षे रूढ होती. १०,००८ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या चाचणीत असे आढळले की स्टेरॉइड दिलेल्या रुग्णांपैकी २१.१ टक्के दोन आठवड्यांत दगावले, तर न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के. जे औषध जीव वाचवते म्हणून जगभर दिले जात होते ते प्रत्यक्षात जीव घेत होते, आणि ही गोष्ट केवळ रुग्णांची संख्या मोठी ठेवल्यामुळेच उघड झाली. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाकडून मोठ्या आशा होत्या, कारण उंदरांमध्ये त्याने मेंदूची सूज स्पष्टपणे कमी केली होती. २०१४ मध्ये दोन स्वतंत्र चाचण्यांनी, दोन हजारांहून अधिक रुग्णांवर, त्याचा माणसांना काहीही उपयोग होत नसल्याचे दाखवले. उपयोगी ठरले ते रक्तस्राव थांबवणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे स्वस्त औषध. २०१९ च्या चाचणीत मध्यम व सौम्य इजेच्या रुग्णांना ते तीन तासांच्या आत दिले तर मृत्यू कमी झाले, आणि उशीर झाला तर तो लाभ ओसरला.

तीन तास ही अट मुंबईत वाचायला सोपी आणि पाळायला अवघड आहे. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, जोगेश्वरीला द्रुतगती मार्गालगत महापालिकेचे ट्रॉमा केअर रुग्णालय आहे, घाटकोपरला राजावाडी, जुहूला कूपर आणि पूर्व उपनगरांच्या तोंडाशी शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आहे. रेल्वे स्थानकांवर तातडीच्या उपचारांच्या खोल्याही न्यायालयीन लढ्यांनंतर सुरू झाल्या. तरीही मेंदूशल्यविशारद आणि सीटी स्कॅन दोन्ही रात्री दोन वाजता तयार असलेले ठिकाण जवळचे आहे की नाही, यावर रुग्णाच्या पेशींचे भवितव्य ठरते, आणि या अर्थाने मेंदूची दुरुस्ती रस्त्यावरच सुरू होते.

ग्लुटामेटच्या माऱ्यात काही पेशी मरतात आणि काही तगतात, हा फरक कशामुळे पडतो, या प्रश्नाला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेने एक महत्त्वाचे उत्तर दिले आहे. येल विद्यापीठातून पीएच.डी. करून २००० पासून या संस्थेत काम करणाऱ्या वैद्य यांचा मुख्य विषय भावना, ताण आणि नैराश्य यांचे मेंदूतील रसायन हा आहे. त्यांना २०१५ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्यांच्या गटाने उल्लास कोल्थूर-सीताराम यांच्या सहकार्याने २०१९ मध्ये दाखवले की सेरोटोनिन हे रसायन, ज्याचा संबंध सामान्यतः मनःस्थितीशी जोडला जातो, मेंदूच्या बाह्यकातील, म्हणजे बाहेरच्या थरातील, चेतापेशींमध्ये मायटोकाँड्रियांची संख्या वाढवते, पेशीला उपलब्ध होणारी ऊर्जा वाढवते आणि घातक प्राणवायू-संयुगे कमी करते. आणि अशा रीतीने ‘शिधा’ भरलेल्या पेशी अतिउत्तेजनेच्या माऱ्यात अधिक प्रमाणात तगून राहतात. हे काम प्रामुख्याने उंदीरवर्गीय प्राण्यांच्या, बशीत वाढवलेल्या पेशींवरचे आहे आणि त्यातून अपघातग्रस्त माणसासाठी औषध निघालेले नाही. परंतु पेशीवर होणारा हल्ला थोपवण्याऐवजी पेशीची तग धरण्याची ताकद वाढवावी, हा त्यामागचा विचार गेल्या चार दशकांच्या फसलेल्या औषधांपेक्षा निराळा आहे आणि म्हणूनच तो मोलाचा वाटतो.

मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी उगवतात का, हा प्रश्न त्याहून जुना आहे. आधुनिक चेताविज्ञानाचे जनक मानले जाणारे स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असा निष्कर्ष काढला होता की प्रौढ मेंदूतील मार्ग कायमचे ठरून गेलेले असतात आणि तेथे नवनिर्मिती होत नाही. त्यांच्या अधिकारामुळे हे मत जवळजवळ सिद्धांतासारखे मानले गेले. १९६० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ आल्टमन आणि त्यांचे सहकारी गोपाल दास यांनी किरणोत्सारी खूण केलेल्या रसायनाच्या साहाय्याने प्रौढ उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीशी निगडित असलेल्या भागात, नव्या चेतापेशी तयार होताना दाखवल्या, पण त्यांच्या शोधाकडे पुढची दोन दशके बहुतेकांनी काणाडोळा केला. माणसातही असे घडते याचा पहिला पुरावा १९९८ मध्ये मिळाला, २०१३ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी प्रत्येक हिप्पोकॅम्पसमध्ये दिवसाला सुमारे ७०० नव्या पेशींची भर पडते असा हिशेब मांडला, आणि २०१८ मध्ये एका महिन्याच्या अंतराने प्रसिद्ध झालेल्या दोन शोधनिबंधांपैकी एकाने प्रौढ माणसात अशी निर्मिती आढळत नसल्याचे, तर दुसऱ्याने ती म्हातारपणापर्यंत चालू असल्याचे सांगितले. मृत्यूनंतर मेंदूचा नमुना किती वेळाने आणि कोणत्या रसायनात जतन केला यावर पेशींवरच्या खुणा दिसणे-न दिसणे अवलंबून असल्याने हा वाद इतका टोकदार झाला.

वैद्य यांच्या प्रयोगशाळेने या प्रक्रियेवर नियंत्रण कोणाचे असते हेही तपासले आहे. २००२ च्या त्यांच्या एका अभ्यासात उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधले नॉरअ‍ॅड्रेनलिन कमी केल्यावर नव्या पेशींची पूर्वज असलेल्या पेशींचे विभाजन मंदावले. सामान्य वाचकाने यातून लक्षात ठेवावे असे इतकेच की ही निर्मिती अस्तित्वात असली तरी ती मेंदूच्या लहानशा भागापुरती आहे, ताण, औषधे व हालचाल यांनी कमीअधिक होणारी आहे, आणि कपाळामागच्या भागात अपघाताने पडलेली पोकळी भरून काढण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही.

पोकळीच्या जागी तयार होतो तो व्रण. इजा झाली की मेंदूतील तारकापेशी, ज्या एरवी चेतापेशींचे पोषण करतात, फुगतात, वाढतात आणि जखमेभोवती एक कडे उभारतात. तुटलेले अक्षतंतू पुन्हा वाढू लागले तरी या कड्यातील आणि तंतूंच्या आवरणातील काही प्रथिने त्यांना अडवतात. हाताच्या किंवा पायाच्या नसा दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकतात आणि मेंदू व मज्जारज्जूतल्या वाढत नाहीत, याचे हे एक प्रमुख कारण आहे. म्हणून व्रण हा शत्रू मानून तो विरघळवण्याचे प्रयोग अनेक वर्षे झाले. २०१६ मध्ये अमेरिकेतील एका गटाने उंदरांच्या मज्जारज्जूत तारकापेशींचे कडे तयारच होऊ दिले नाही, तेव्हा तंतूंची वाढ सुधारण्याऐवजी आणखी खुंटली. जे अडथळा वाटत होते ते काही अंशी आधारही होते.

एखादी पूर्वजपेशी चेतापेशी होणार की तारकापेशी, हे कोण ठरवते? टाटा मूलभूत संशोधन संस्थेतच शुभा टोळे यांच्या गटाने या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले आहे. गर्भावस्थेत मेंदू कसा घडतो हा टोळे यांचा विषय असून त्यांना २०१० चा भटनागर पुरस्कार आणि २०१४ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला आहे. २०११ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की एलएचएक्स२ हे जनुकांना चालू-बंद करणारे प्रथिन उंदराच्या गर्भाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये पूर्वजपेशींना चेतापेशी बनवत राहते; ते काढून घेतले तर पेशी वेळेआधीच तारकापेशी बनू लागतात, आणि तारकापेशी बनण्याच्या काळात ते अधिक प्रमाणात दिले तर चेतापेशींची निर्मिती लांबते. गर्भातल्या या निर्णयाचा अपघाताशी वरवर संबंध दिसत नाही, परंतु इजा झालेल्या मेंदूत तारकापेशी मुबलक आणि चेतापेशी कमी, ही नेमकी अडचण असल्यामुळे तारकापेशींनाच चेतापेशींत बदलता येईल का, या प्रश्नाने जगातल्या अनेक प्रयोगशाळांना झपाटले आहे. असे रूपांतर उंदरांत साधल्याचे दावे २०१४ च्या सुमारास झाले. २०२१ मध्ये टेक्सासमधील संशोधकांनी पेशींच्या वंशावळीचा काटेकोर माग काढला तेव्हा नव्या म्हणून मोजल्या गेलेल्या पेशींपैकी बहुतेक मुळातच तेथे असलेल्या जुन्या चेतापेशी असल्याचे आढळले. गर्भातील नियम खोलवर समजल्याशिवाय प्रौढ मेंदूत ते लादता येणार नाहीत, हे या फसगतीतून अधोरेखित झाले, आणि मूलभूत संशोधनावर पैसा का खर्चावा या नेहमीच्या प्रश्नालाही त्यातच उत्तर आहे.

बाहेरून पेशी आणून मेंदूत सोडणे हा दुसरा मार्ग, आणि त्याच्या एका मूलभूत अडचणीवर पवईच्या आयआयटीत काम झाले आहे. जखमी मेंदूत सोडलेल्या मूळपेशी, म्हणजे ज्यांचे अजून विशिष्ट काम ठरलेले नाही अशा पेशी, बहुसंख्येने मरतात, कारण त्यांना धरून ठेवणारा आधार तेथे उरलेला नसतो. समीर माजी यांच्या गटाने पार्किन्सन आजाराशी संबंधित अल्फा-सायन्युक्लिन या प्रथिनातल्या लहानशा तुकड्यांच्या आधारे एक मऊ, पाणीदार जेल तयार केले. आजारात हेच प्रथिन धाग्यांच्या रूपाने साचून घातक ठरते, परंतु त्याचा योग्य तुकडा निवडला तर तसेच धागे निरुपद्रवी जाळे विणतात आणि पेशींना बसायला जागा देतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात, अस्थिमज्जेत आढळणाऱ्या प्रकारच्या मूळपेशी जेलमध्ये चेतापेशींच्या दिशेने वळू लागल्या, आणि पार्किन्सनचे प्रतिरूप असलेल्या उंदरांच्या मेंदूत हे जेल पेशींसह रोवताही आले. पेशी ज्या पृष्ठभागावर बसते त्याचा मऊपणा तिचे भवितव्य घडवतो, मेंदूसारख्या मऊ पृष्ठभागावर ती चेतापेशीकडे झुकते, ही कल्पना त्यामागे आहे. अपघाती इजेवर हे वापरले गेलेले नाही. तथापि आजाराला कारण होणाऱ्या द्रव्याच्याच रचनेचा उपयोग आधारासाठी करून घेण्याची ही युक्ती विलक्षण म्हणावी लागेल.

जगात अन्यत्र हा मार्ग रुग्णांपर्यंत पोहोचू लागला आहे. अस्थिमज्जेतून काढून बदल केलेल्या पेशी थेट मेंदूत सोडण्याच्या एका उपचाराला जपानने २०२४ मध्ये, अपघाती इजेनंतर हातपाय कमकुवत राहिलेल्या रुग्णांसाठी, सशर्त आणि मुदतबंद परवानगी दिली. ज्या चाचणीवर ती आधारली होती तिच्यात रुग्ण साठच्या आसपास होते. भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांसाठी होणारे अस्थिमज्जा प्रत्यारोपण वगळता मूळपेशींचा कोणताही वापर हा नेहमीचा उपचार नसून संशोधनच समजला जातो, आणि संशोधनात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्यासाठी पैसे घेणे अनुचित आहे. मेंदूला इजा झालेल्या मुलासाठी वा नवऱ्यासाठी दागिने गहाण टाकून, एफडी मोडून अशी इंजेक्शने विकत घेण्यापूर्वी कुटुंबाने एवढे एक वाक्य माहीत करून घ्यावे, आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक व नीतिसमितीची परवानगी लेखी मागावी.

राहिली ती वाचलेल्या पेशींकडून काम करवून घेण्याची गोष्ट, जी सर्वांत कमी झगमगती आणि सर्वांत खात्रीची आहे. पश्चिम रेल्वे ठप्प झाली तर अंधेरीचा प्रवासी मेट्रोने घाटकोपर गाठून मध्य रेल्वेने मुक्कामी पोहोचतो. मेंदूही एक मार्ग तुटला की आधीच असलेल्या पण कमी वापरातल्या वाटा रुंद करून काम भागवतो, फक्त त्या वाटांवरून रोज ये-जा घडवावी लागते. १९९६ मध्ये अमेरिकेत रँडॉल्फ नुडो आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूतील हाताच्या भागाचा छोटा तुकडा रक्तपुरवठा तोडून निकामी केला आणि त्यांना लहान खळग्यांतून खाऊ काढण्याचा सराव दिला. सराव मिळालेल्यांमध्ये हाताचे उरलेले क्षेत्र टिकले आणि काहींत ते कोपर व खांद्याच्या क्षेत्रात पसरले, तर सराव न मिळालेल्यांत आधी शाबूत असलेला भागही आकसल्याचे दिसले होते. चांगला हात बांधून ठेवून दुबळ्या हाताकडून तासन्‌तास काम करवून घेण्याची उपचारपद्धती याच विचारातून रुळली.

या क्षेत्रात मुंबईचा वारसा मोठा आहे. अमेरिकेत एलिझाबेथ लुंडी म्हणून जन्मलेल्या आणि विवाहाने निंबकर कुटुंबाशी नाते जोडलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे भारतातील पहिले विद्यालय सुरू केले, आणि १९५५ पासून हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था काम करत आहे. थेरपीच्या खोलीत पाहणाऱ्याला भव्य असे काही दिसत नाही: टेबलावर मूग आणि राजमा मिसळून ठेवलेले ताट, ज्यातले दाणे इजा झालेल्या हाताने वेचायचे, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावायचे आणि काढायचे, शर्टाची बटणे, आधी मोठी मग लहान, आणि ज्याला क्रम लक्षात ठेवता येत नाही त्याच्यासाठी चहा करण्याची कृती, पातेले, पाणी, गॅस, साखर, पूड, दूध, अशी चित्रांच्या पाट्यांवर. एका पाटीवरून दुसरीकडे जाताना रुग्ण अडतो, थेरपिस्ट बोट दाखवण्याचा मोह आवरून थांबते, कारण ती पुढची पायरी त्याच्याच मेंदूने शोधावी यातच उपचार आहे.

डिस्चार्जच्या कागदावर औषधे आणि टाके काढायची तारीख असते. स्वभाव बदलेल, आवाज सहन होणार नाही, दुपारनंतर थकवा येईल, पैशांचे व्यवहार काही काळ दुसऱ्याने पाहावे लागतील, हे तेथे क्वचितच लिहिलेले असते. कपाळामागचा भाग आवर घालण्याचे काम करतो आणि आपटताना तोच कवटीवर सर्वाधिक घासतो, म्हणून शांत माणूस चिडका होतो. घरचे याला हट्ट किंवा आळस समजतात, कामाच्या ठिकाणी ते बेपर्वाई ठरते, आणि स्कॅन ‘नॉर्मल’ असला तर रुग्णाच्या तक्रारीवर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण ताणलेले सूक्ष्म तंतू साध्या सीटी स्कॅनमध्ये दिसत नाहीत. बोरिवलीहून किंवा मुलुंडहून आठवड्यातून तीन वेळा अशा रुग्णाला लोकलच्या गर्दीतून परळ वा हाजीअलीपर्यंत नेणे कामावर जाणाऱ्या कुटुंबाला जमत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येणे बंद होते. शस्त्रक्रियेवर झालेला सारा खर्च आणि श्रम या टप्प्यावर वाया जातात. म्हणून उपनगरांतील प्रत्येक मोठ्या महापालिका रुग्णालयात मेंदूच्या इजेसाठी स्वतंत्र थेरपीचे दिवस ठरवणे आणि घरी जाऊन सराव घेणारे थेरपिस्ट नेमणे, हा खर्च नव्या यंत्रांच्या खरेदीपेक्षा आधी व्हायला हवा.

सुधारणेला सहा महिन्यांची मुदत असते, हा समज डॉक्टरांतही दीर्घकाळ होता. अमेरिकेतील अठरा आघात-केंद्रांच्या पाहणीचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष वेगळे सांगतात: गंभीर इजेनंतर दोन आठवड्यांनी ज्यांना भोवतालची कसलीच जाणीव नव्हती अशा, पुढे वाचलेल्या रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वर्षभरात शुद्धीवर आले, आणि ज्यांची माहिती मिळाली त्यांच्यापैकी एक चतुर्थांश आपण कोण, कोठे आणि कोणत्या काळात आहोत हे सांगू लागले. मूळचे फ्लूवरचे आणि नंतर पार्किन्सनसाठी वापरलेले अमांटाडीन हे जुने औषध १८४ रुग्णांवरील २०१२ च्या चाचणीत शुद्धीवर येण्याचा वेग वाढवताना दिसले आणि भारतात ते सहज मिळते. या रुग्णांकडे पाहण्यासाठी दुसऱ्या वर्षीही ओपीडीची तारीख दिली जावी, एवढा पुरावा आज उपलब्ध आहे.